डालं

शेड आमची.
आत पसरलेला लाकडाचा भुसा आमचा,
वीज आमची, पाणी आमचं,
रात्री तीनला गजर वाजला की
थंडीत चपला शोधणारे पाय बाबांचे.
पिल्लं कंपनीची.
खाद्य कंपनीचं, लस कंपनीची, न्यायला येणारी लॉरी कंपनीची.
मेलेली मात्र आमची.
करारात आहे तसं, पान चौथं.

बाबा रोज उजाडता बादली घेऊन आत जातात
आणि आमच्या वाट्याचं उचलून आणतात.

पणजोबा व्हेनेतोहून बोटीनं आले
सांता कातारीनाच्या या डोंगरांत,
ओल्या फडक्यात द्राक्षाची काडी गुंडाळून.
वेल आहे अजून.
मांडव काढला, तिथं खाद्याचा सायलो उभा केला.
धरायला दुसरं काही उरलं नाही
म्हणून तिनं सायलोच धरलाय.

पान सहावं:
आवारात दुसरा कोणताही पक्षी पाळू नये.
बदक नाही, पोपट नाही, गावठी कोंबडी तर नाहीच.
रोग येतो, असं एदेनिल्सन म्हणतो,
आणि तो खोटं बोलत नाही.
आईनं सही होताना सगळं ऐकून घेतलं.
बदकं विकली. पोपट माहेरी दिला.
आणि सरपणाच्या खोपीत
एक कोंबडी राहिली, एक कोंबडा राहिला,
राहून गेले म्हणते.

एदेनिल्सन गुरुवारी येतो,
बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवतो,
पक्षी तोलतो, आकडे फोनमध्ये भरतो,
मग ओट्यावर बसून शिमारांवचा कडू घोट घेतो.
तसाच बसला होता, साडेदहा वाजलेले,
आणि खोपीतून बांग.

शेजाऱ्यांचा, आई म्हणाली.
शेजारी तीन किलोमीटरवर.
आवाज लांब जातो इथं, बाबा म्हणाले.
एदेनिल्सननं फोनकडे पाहिलं.
त्यात बांगेसाठी रकाना नव्हता.

तेव्हापासून दर गुरुवारी आई कोंबडा डालते,
वर जुनं गोणपाट टाकते.
कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं,
पण शेडमधलं उजाडणं टायमरवर आहे.
अठरा तास दिवस, सहा तास रात्र,
असे बेचाळीस दिवस,
मग लॉरी.

लॉरी जिथं रिकामी होते तिथं मी काम करते.
रात्रपाळी, तिसरी लाइन, मांडीचं हाड काढायचं.
माझ्या शेजारी विदलीन, हैतीची.
तिच्या वडिलांचं भाताचं खाचर होतं.
बाहेरचा स्वस्त तांदूळ बोटीनं आला,
मग ती विमानानं गेली.
एवढंच सांगते, आणि सुरीला धार लावते.
मनगटं दोघींचीही झोपेत काम करतात.

परवा पाटीवरचा लॉट नंबर ओळखीचा निघाला.
शेवटचे चार आकडे आमच्या फाटकावर रंगवलेत,
मीच रंगवले होते, सातवीत असताना.
हातातली मांडी उलटीपालटी करून पाहिली.
काय शोधत होते?
तीनचा गजर? बाबांचा खोकला?
गुलाबी, स्वच्छ, वजनाला बरोबर.
खोक्यावर मला न वाचता येणारी लिपी.
विदलीननं कोपर मारलं,
तोवर चार मांड्या तशाच पुढं गेल्या होत्या.

रविवारी घरी गेले.
आईनं हात धरून खोपीत नेलं, गोणपाट वर केलं.
कोंबडी खुडूक बसलेली,
अंग फुगवून, डोळे आमच्यावर रोखून,
पोटाखाली अकरा अंडी.
आई बोटांवर मोजू लागली.
एकविसावा दिवस गुरुवारी येत होता.
पुन्हा मोजलं. गुरुवारच.

बाबा दारात उभे. काही बोलले नाहीत.
तेलाची बाटली आणली
आणि खोपीच्या दाराची बिजागरी
करकरायची थांबेपर्यंत
दार उघडून मिटत राहिले.